टायर प्रेशरचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? प्रोग्रामिंग टूल घेण्याआधी हे तपासा

पिवळा दिवा, मध्ये उद्गारचिन्ह. तो लागला की लोक थेट टूल शोधायला निघतात. 'टायर प्रेशर सेन्सर प्रोग्राम करायला कोणतं टूल घेऊ?' असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांना टूल लागतच नाही. ज्यांना लागतं, त्यांच्यातले काही जण ते आधीच घेऊन बसलेले असतात आणि त्यांच्या गाडीला ते चालत नाही. म्हणून टूल सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी दिवा काय सांगतोय, मग गाडी नवा सेन्सर (चाकात बसून हवेचा दाब मोजणारा आणि तो रेडिओने गाडीला कळवणारा भाग) कशी ओळखते, मग सेन्सर कोणत्या कंपनीचा. ही तीन उत्तरं हातात आली की टूल आपोआप ठरतं.

लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं नेमकं काय होतंय ते बघा:

– सकाळी दिवा लागतो, थोडी गाडी चालली की विझतो.
– दिवा स्थिर लागतो आणि हवा भरूनही जात नाही.
– गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर राहतो.
– स्क्रीनवर तीन चाकांचे आकडे येतात, चौथ्याच्या जागी नुसत्या रेघा.
– आकडे चारही येतात, पण हवा मागच्या चाकात कमी आणि गाडी दाखवते पुढचं.
– टायर, रिम किंवा सेन्सर बदलल्यापासूनच सगळं सुरू झालंय.
– नवा सेन्सर प्रोग्राम झाला, टूलवर हिरवी खूणही आली, पण गाडी त्याला ओळखत नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक स्थिर आणि लुकलुकणाऱ्या दिव्यातला. स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर होणारा दिवा म्हणजे यंत्रणेतच बिघाड: सेन्सर बोलत नाही, किंवा गाडीला त्याचं बोलणं पोहोचत नाही. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १३८ या वाहन-सुरक्षेच्या नियमाने ही पद्धत घालून दिली आणि इतरत्रही बऱ्याच गाड्या तशाच वागतात. पुढच्या वेळी गाडी सुरू कराल तेव्हा पहिला दीड मिनिट दिव्याकडे बघत बसा. अर्ध्याहून जास्त निदान तिथेच होतं.

आधी फुकटातलं

हातातल्या गेजने चारही टायर मोजा, तेही थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. योग्य दाब किती हे ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल दाब, तो भरायचा नसतो. पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो.

हे इतकं साधं पाऊल का, तर तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. दुपारी, गाडी तापलेली असताना 'बरोब्बर' भरलेली हवा पहाटे चार-पाच पीएसआय कमी भरू शकते. मग दिवा लागतो, गाडी चालली की टायर तापतात, दिवा विझतो, आणि माणूस म्हणतो सेन्सर खराब झाला. सेन्सर अगदी बरोबर सांगत होता. उलट बाजूही लक्षात ठेवा: त्या अमेरिकी नियमाप्रमाणे दिवा लागण्याची मर्यादा ठरवलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. म्हणजे ३२ पीएसआय हवी तिथे २४ पर्यंत हवा उतरली तरी दिवा गप्प राहू शकतो. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं समजू नका.

हवा भरूनही तोच टायर आठवड्याभरात खाली येत असेल तर ते पंक्चर आहे, किंवा व्हॉल्वमधली गळती. व्हॉल्वच्या तोंडाशी आणि बुडाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की कारण सापडलं. धातूचा व्हॉल्व असलेल्या सेन्सरला बुडाशी रबरी सील असतं, ते जुनं झालं की तिथूनच हवा जाते. सील, नट, पिन (व्हॉल्वच्या आतला हवा रोखणारा भाग) आणि टोपी यांचं किट वेगळं मिळतं. त्यासाठी सेन्सर बदलायची गरज नाही.

मग डिकी उघडा. काही गाड्यांत स्टेपनीलाही सेन्सर असतो आणि गाडी तो पाचवा सेन्सरही मोजते. चारही चाकं ठीक, दिवा मात्र चालू, अशा गाडीत स्टेपनीची हवा आधी बघा. ती कोणी वर्ष-वर्ष बघत नाही. याउलट स्टेपनी लावूनच गाडी चालवत असाल आणि तिच्यात सेन्सर नसेल, तर दिवा लुकलुकणं हे योग्यच आहे. पंक्चर झालेलं मूळ चाक परत लावलं की काही अंतर चालल्यावर तो जातो.

आता रीसेटचं बटण. ज्या गाड्यांत चाकात सेन्सरच नाही, तिथे एबीएसचे (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) वेगमापक सेन्सर चाकं किती फिरतात ते मोजतात; हवा कमी झालेलं चाक थोडं जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज लावते. अशा यंत्रणेला हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर मेनूतून कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे मोजणी नव्याने सुरू करायची, एवढंच. प्रोग्राम करायला आत काहीच नाही. पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दिसत असेल तर चाकात सेन्सर आहेत असं धरायला हरकत नाही. आकडा दिसत नसेल तर मात्र नुसतं बघून ठरवू नका, माहितीपुस्तिका वाचा. रबरी व्हॉल्व दिसला म्हणून आत सेन्सर नाही असंही नसतं.

दुसऱ्या टोकाला टोयोटाच्या बऱ्याच गाड्या. तिथे सेट बटण आहे, लोक नवा सेन्सर टाकून ते दाबत बसतात. त्या बटणाने फक्त 'आत्ताचा दाब हाच बरोबर समज' एवढं सांगितलं जातं. नव्या सेन्सरचा आयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्याने नोंदला जात नाही. वर, हवा कमी असताना ते दाबलं तर कमी हवाच गाडीला बरोबर वाटू लागते.

फुकटातली शेवटची तपासणी: डॅशकॅम, मोबाईलचा चार्जर, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधलं जे काही असेल ते सगळं काढा आणि अर्धा तास गाडी चालवा. सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बारीकसा रेडिओ संदेश पाठवतो. हलक्या प्रतीचा चार्जर तेवढ्यात गोंगाट करून तो दाबून टाकतो. बऱ्याच गाड्यांचा रिमोटही याच पट्ट्यात चालतो. चार्जर लावल्यावर रिमोट जवळ गेल्याशिवाय चालत नसेल तर संशय पक्का.

सेन्सर वाचून घ्या

इथवर काही सापडलं नाही आणि दिवा लुकलुकतोय, तर आता सेन्सरशी बोलायला हवं. त्यासाठीही टूल विकत घेण्याआधी टायरच्या दुकानात जाऊन चारही चाकं वाचून घ्या. काम मिनिटांचं आहे.

सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो, बॅटरी वाचावी म्हणून. टूल १२५ किलोहर्ट्झचा संदेश सोडून त्याला जागं करतं. सेन्सर उत्तरात आपला आयडी, दाब, तापमान आणि बहुतेकदा बॅटरीची स्थिती पाठवतो. टूलचं टोक रिमच्या धातूवर नाही, तर व्हॉल्वच्या लगत टायरच्या बाजूवर टेकवायचं, कारण तो संदेश फार लांब जात नाही आणि धातू त्याला अडवतो. उत्तर आलं नाही तर गाडी पाव चक्कर पुढे ढकलून पुन्हा बघा. काही जुने सेन्सर या हाकेला उठतच नाहीत. त्यांना जागं करायला टायरमधली हवा झटकन थोडी सोडावी लागते. टूल तसं पडद्यावर सांगतं, पण लोक ती ओळ न वाचताच सेन्सर मेला म्हणून मोकळे होतात.

चारही चाकांचे आयडी कागदावर लिहून ठेवा, कुठल्या चाकाचा कुठला तेही. आयडी बहुधा आठ खुणांचा असतो, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. त्यात ओ हे अक्षर कधीच नसतं. दिसतंय ते शून्य. टूलमध्ये आयडी दशमान पद्धतीत दाखवण्याची सोय चालू राहिली असेल तर तोच आयडी पूर्ण वेगळा दिसतो, आणि दोन यादी जुळत नाहीत म्हणून माणूस दिवसभर डोकं खाजवत राहतो.

आता निष्कर्ष. एक सेन्सर बोलत नाही, बाकी तीन बोलतात: त्याची बॅटरी संपली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते आणि ती रेझिनमध्ये गाडलेली असते. कापून नवा सेल डकवण्याचे प्रकार लोक करतात. मी करत नाही, कारण सील बिघडतं, वजन बदलतं, आणि चाक वेगात फिरताना तो तुकडा आत सुटला तर टायर आतून खरवडला जातो. मरायच्या आधी बॅटरी थंडीत दगा देते: सकाळी दिवा लुकलुकतो, दुपारी सगळं सुरळीत. वरच्या हवेच्या लक्षणाशी याची गल्लत होते, पण तिथे दिवा स्थिर असतो, इथे लुकलुकतो.

पंक्चरचं जेल टायरमध्ये ओतलं असेल तर दाब मोजायचं बारीक छिद्र बुजू शकतं. मग सेन्सर बोलतो, पण दाब चुकीचा सांगतो. गेज आणि टूल यांचे आकडे जुळवून बघा.

चारही बोलतात, बॅटरी ठीक, तरी गाडी ओळखत नाही, तर गाडीत नोंदलेले आयडी आणि चाकातले आयडी वेगळे आहेत, किंवा फ्रीक्वेन्सी वेगळी आहे. एकाच मॉडेलची गाडी एका देशात ३१५ वर आणि दुसऱ्या देशात ४३३ वर विकली जाते. दुसरीकडून आणलेले रिम-सेन्सर दिसायला हुबेहूब असतात, पण कधीच जुळत नाहीत.

प्रोग्रामिंग वेगळं, रीलर्न वेगळं

इथेच घोडं पेंड खातं. प्रोग्रामिंग म्हणजे कोऱ्या युनिव्हर्सल (अनेक गाड्यांना चालणाऱ्या) सेन्सरमध्ये त्या गाडीची बोली आणि एक आयडी भरणं. रीलर्न म्हणजे तो आयडी गाडीच्या वहीत नोंदवणं. कंपनीचा मूळ सेन्सर घेतला तर पहिलं काम लागत नाही, दुसरं लागतं. टूलवर हिरवी खूण आली म्हणजे पहिलं झालं. गाडीला अजून काही कळलेलंच नाही.

रीलर्नच्या पद्धती ढोबळमानाने तीन, आणि टूल यावरच ठरतं.

पहिली, गाडी आपोआप शिकते. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवायची, मग बरा वेग धरून दहा-वीस मिनिटं चालवायची. मध्ये सारखं थांबत गेलात तर हे काम लांबतं.

दुसरी, गाडीला मेनूतून किंवा चावीने शिकण्याच्या अवस्थेत न्यायचं आणि एकेक चाक टूलने जागं करत जायचं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत क्रम ठरलेला आहे: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं; प्रत्येक चाकाला हॉर्न एकदा वाजतो. पहिल्या चाकाला दोन मिनिटं, एकूण पाच. टूल हातात, चारही चाकांपाशी वाट मोकळी, आणि मगच सुरुवात करा. त्या काही मिनिटांत शेजारच्या गाडीचा सेन्सर बोलला तर त्याचाच आयडी नोंदला जाऊ शकतो, म्हणून जरा मोकळ्या जागी करा.

तिसरी, ओबीडी पोर्टमधून (गाडीला स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) आयडी थेट गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये लिहायचे. टोयोटा, लेक्सस, ह्युंदाई, किया यांच्या बऱ्याच मॉडेलांना हेच लागतं. टोयोटात सी२१२१ ते सी२१२४ हे बिघाडाचे कोड 'अमुक आयडीकडून संदेश नाही' असं सांगतात. आयडी १ म्हणजे पुढचं डावं चाक असा अर्थ काढू नका. तिथला क्रम चाकाच्या जागेशी बांधलेला नसतो. चारही चाकं वाचून कागदाशी जुळवणं हाच मार्ग.

मग टूल कोणतं

फक्त जागं करणारं टूल सगळ्यात स्वस्त. जनरल मोटर्ससाठीचं ईएल-५०४४८ याच जातीतलं. ते आयडी दाखवत नाही, सेन्सर प्रोग्राम करत नाही. गाडी दुसऱ्या पद्धतीची असेल आणि तुम्ही चाकांची अदलाबदल स्वतः करत असाल तर एवढं पुरतं. तिसऱ्या पद्धतीच्या गाडीला ते निव्वळ खेळणं आहे.

त्यावरचं टूल सेन्सर वाचतं आणि युनिव्हर्सल सेन्सर प्रोग्राम करतं, पण ओबीडीला जोडता येत नाही. पहिल्या दोन पद्धतींना चालतं. तिसऱ्या पद्धतीच्या गाडीतही एक पळवाट आहे: जुन्या सेन्सरचा आयडी नव्यात जसाच्या तसा कॉपी करायचा. गाडीला बदल झाल्याचं कळतच नाही, रीलर्नची गरज नाही. त्यासाठी जुना आयडी हवा, म्हणून टायर उतरवायच्या आधी वाचून ठेवा. सेन्सर मेला असेल तर आयडी बहुधा त्याच्या अंगावर छापलेला असतो. तो हाताने टाईप करता येतो. थंडीच्या टायरचा वेगळा संच ठेवणाऱ्यांना कॉपीची पद्धत फार सोयीची. फक्त एकाच आयडीचे दोन संच एका वेळी गाडीजवळ नकोत, म्हणजे दुसरा संच डिकीत टाकून फिरायचं नाही.

ओबीडीसकटचं टूल महाग, पण एकापेक्षा जास्त गाड्या सांभाळणाऱ्याने हेच घ्यावं. स्वतःची एकच गाडी असेल तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका. सेन्सर दहा वर्षांत एखाद-दोनदा बदलले जातात. ते काम दुकानात करून घेणं टूलपेक्षा स्वस्त पडतं, कारण टायर उतरवायला तिथे जावंच लागतं.

घ्यायचंच ठरलं तर आणखी तीन गोष्टी. एक, सेन्सरच्या कंपनीशी बांधिलकी. ऑटेलची टूल्स दुसऱ्या कंपन्यांचे सेन्सर वाचतात, पण प्रोग्राम फक्त ऑटेलचे एमएक्स-सेन्सर करतात. अटेक आणि बार्टेक यांची टूल्स अनेक कंपन्यांचे सेन्सर प्रोग्राम करतात. कोणतंही वाईट नाही. पण दुसऱ्याच कंपनीचे चार सेन्सर आधी घेऊन मग टूल आणलं तर पैसे अडकतात. तुमच्याकडे कोणते सेन्सर सहज मिळतात ते आधी बघा आणि त्यांना चालणारं टूल घ्या. दोन, गाड्यांची यादी. कंपनीचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका; मॉडेल, साल, बाजारपेठ आणि त्यापुढे वाचन, प्रोग्रामिंग, ओबीडी रीलर्न या तिन्ही रकान्यांत 'हो' आहे का ते बघा. पुष्कळदा पहिल्या दोन रकान्यांत 'हो' असतं आणि तिसरा कोरा. तीन, अपडेट. ते किती वर्षं मिळतात आणि नंतर पैसे पडतात का? नवी गाडी असेल तर हाच मुद्दा सगळ्यात महागात पडतो. टेस्लाच्या अलीकडच्या गाड्यांसारखे ब्लूटूथवर चालणारे सेन्सर तर जुन्या टूलला दिसतही नाहीत.

प्रोग्राम करताना एकच सेन्सर टूलसमोर ठेवा, बाकीचे दोन हात लांब. आणि टायर चढवायच्या आधी तो वाचून बघा. हातात असताना दाब शून्य दाखवेल, ते ठीक आहे. चढवून, बॅलन्सिंग करून, हवा भरून मग 'वाचत नाही' म्हणणं म्हणजे सगळं काम दुसऱ्यांदा.

अॅल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये निकेलचा मुलामा असलेलीच पिन घाला आणि वर प्लॅस्टिकची टोपी लावा. पितळी पिन किंवा धातूची शोभेची टोपी ओलाव्याने अॅल्युमिनियमला धरून बसते. मग पक्कड लावून पिळली की टोपीऐवजी व्हॉल्वच बुडातून मोडतो, सगळी हवा एका दमात जाते, आणि चांगला सेन्सर फेकावा लागतो.

एका सेन्सरची बॅटरी वयाने संपली असेल तर उरलेले तीनही त्याच वयाचे आहेत. टायर बदलायला आलेलेच असतील तर चारही एकदम बदला.

इथे थांबा, तज्ज्ञाकडे जा

टायर रिमवरून उतरवणं घरी करू नका. पहारीचा पहिला दाब व्हॉल्वच्या जागी पडला की सेन्सर तुटतो. मशीनवरही जाणकार माणूस व्हॉल्वची जागा बघूनच सुरुवात करतो. पंक्चरनंतरही चालणारे कडक बाजूंचे टायर तर साध्या मशीनवरही त्रास देतात. व्हॉल्वचा नट गंजून बसला असेल तर जोर लावू नका. तो ठरलेल्या टॉर्कनेच आवळायचा असतो, त्यामुळे बदलतानाही टॉर्क पाना असलेल्याकडून करून घ्या.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल, चीर दिसत असेल, किंवा हवा डोळ्यांदेखत उतरत असेल, तर सेन्सरचा विषय तिथेच सोडा आणि गाडी चालवू नका.

चारही सेन्सर टूलला स्वच्छ बोलतात, फ्रीक्वेन्सी बरोबर, आयडी नोंदलेले, तरी गाडीच्या पडद्यावर चारही चाकांपुढे रेघा, असं असेल तर बिघाड चाकात नाही. रिसीव्हर, त्याची अँटेना, वायरिंग किंवा फ्यूज यांतलं काहीतरी आहे. फ्यूज बघायला हरकत नाही. त्यापुढे ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा कंपनीचं सर्व्हिस सेंटर. सोबत एबीएसचाही दिवा लागला असेल तर आधी तोच दाखवा. ज्या गाड्यांची नोंदणी फक्त कंपनीच्याच स्कॅनरवर होते, तिथे बाजारातलं कितीही महाग टूल उपयोगाचं नाही.

जाताना आयडीचा तो कागद घेऊन जा. दिवा स्थिर की लुकलुकणारा, सेन्सर किती वर्षांचे, टायर शेवटचे कधी उतरवले आणि जेल कधी घातलं होतं का, एवढं सांगितलं की समोरच्याचा निम्मा वेळ वाचतो. गाडी परत घेताना त्याला चारही चाकं तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा आणि नवे आयडी त्याच कागदावर उतरवून घ्या.